पूरक आहाराविषयी पालकांचे ज्ञान : पातळ पेजेचा प्रश्न

बाळास पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावे व त्यानंतर स्तनपान चालू ठेवून पूरक आहार सुरू करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस होय. महाराष्ट्रातील कुटुंबांना ही कालमर्यादा परकी नाही. उष्टावणाचा संस्कार बहुधा याच सुमारास होतो. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतात सहा ते आठ महिन्यांच्या केवळ ४५.९ टक्के बालकांना स्तनपानासह घन वा अर्धघन अन्न मिळत होते, तर सहा ते तेवीस महिन्यांच्या वयोगटात पुरेसा आहार मिळणारी बालके अवघी ११.३ टक्के होती.

विलंब हे याचे एक कारण आहे. दुसरे कारण वाटीत दडलेले असते. ‘पचायला हलके’ म्हणून बाळास वरणाचे पाणी, भाताची पेज दिली जाते. त्यामागील काळजी खरी असते. परंतु डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि बाळाच्या पोटात प्रामुख्याने पाणी जाते. बाळाच्या जठराची क्षमता वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाची साधारण २०० मिलिलिटर असते. सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान घेणाऱ्या बाळास पूरक आहारातून रोज सुमारे २०० किलोकॅलरी मिळाव्या लागतात. बारा महिन्यांनंतर ही गरज ५५० पर्यंत जाते. पातळ पेजेने पोट भरते, गरज भागत नाही.

यावरील उपाय स्वयंपाकघरातच आहेत. डाळ-भात पाणी न काढता कुस्करून द्यावा. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम तुपातून ४५ किलोकॅलरी मिळतात. नाचणीस मोड आणून, वाळवून केलेल्या पिठाचे कार्य अधिक उद्बोधक आहे : मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर वाढते, ते पिष्टमय पदार्थाचे विघटन करते आणि खीर चिकट होत नाही. परिणामी पाणी न वाढवता तेवढ्याच खिरीत अधिक पीठ मावते. पिठाला तीव्र आच दिल्यास मात्र हे विकर निष्क्रिय होते. सहाव्या महिन्यानंतर अपुऱ्या पडणाऱ्या लोहाची उणीव केवळ दाटपणाने भरून निघत नाही. त्यासाठी डाळी, हिरव्या पालेभाज्या आणि चालत असल्यास मांसाहार आवश्यक ठरतो.

पालकांचे ज्ञान अजमावणाऱ्या प्रश्नावल्यांत ‘पूरक आहार कधी सुरू करावा?’ हा प्रश्न हमखास असतो व त्याचे उत्तर बहुधा पाठ असते. चमचा तिरका केल्यावर अन्न त्यावर टिकते की ओघळून जाते, हे विचारल्यास पालकांच्या ज्ञानाबरोबर बाळाच्या वाटीचीही माहिती मिळू शकेल.