‘पंधराच मिनिटं तर वाजतंय!’

रात्रीचे साडेअकरा. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या एका घराची खिडकी उघडी आहे. बाहेरचा आवाज ४० डेसिबल धरू. तेवढ्यात गल्लीत वरात येते. पंधरा मिनिटं ७० डेसिबल, मग पुन्हा सामसूम. या रात्रीची सरासरी किती?

शाळेतल्या रीतीने काढली तर ४१. निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ आहे, म्हणजे सगळं नियमात! पण डेसिबलची बेरीज अशी होत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ४० चे ७० झाले की हजारपट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पटच वाटते, म्हणून आपण फसतो. पंधरा मिनिटं हा आठ तासांचा बत्तिसावा भाग. वरातीची ऊर्जा रात्रभर पसरली तर ७० तून सुमारे १५ वजा होतात. उत्तर ५५. उरलेले पावणेआठ तास हिशेबात जवळजवळ दिसतच नाहीत.

मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवल्या. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी सुचवलेले आकडे आवाज कशाचा आहे हे पाहतात. वर्षभराची रात्रीची सरासरी रस्त्यासाठी ४५, रेल्वेसाठी ४४, विमानांसाठी ४० च्या आत असावी. विमानाला कमी सूट, कारण तेवढ्याच डेसिबलला विमानाचा आवाज लोकांना जास्त त्रास देतो. खांदेश्वर स्टेशन आणि सायन-पनवेल महामार्गाच्या जोडीला २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबई विमानतळही सुरू झाल्यावर खांदा कॉलनीत हे तिन्ही आकडे कामाचे ठरतात. आपल्याकडे विमानतळ परिसराची मानकं वेगळी आहेत.

रात्रीची मर्यादा इतकी कडक का? झोपेतही कान जागे असतात. आवाज आला की जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात, ताणाची संप्रेरकं स्रवतात. हे वर्षानुवर्षं चाललं की रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त झाले की नियमांनुसार तक्रार करता येते. आपली वरात नेमकी तिथेच पोहोचली आहे. शिवाय रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायलाच बंदी आहे. सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले, तर त्या तक्रारीला आकड्याची गरज नाही. मोबाइलवरचं आवाज मोजणारं ॲप फक्त अंदाज देतं. ११२ ला फोन करताना ठिकाण सांगा, सुरू झाल्याची वेळ सांगा. आणि ‘पंधराच मिनिटं’ म्हणणाऱ्याला बत्तिसाव्या भागाचा हिशेब एकदा मांडून दाखवा.