आधी कीर्द, मग खतावणी

१८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेर किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि उठलीच नाही. तिचंच लष्कर शहर झालं. दौलतगंज ही त्यातली पेठ. तिथल्या जुन्या पेढीचा शिरस्ता असा, की व्यवहार आधी तारीखवार कीर्दीत चढायचा, मग खातेवार खतावणीत. खतावणी फाटली तर कीर्दीवरून पुन्हा मांडता येते. आज दुकानाचं बिल संगणकावर निघतं, पण पोस्टग्रेससारखा डेटाबेस क्रम तोच पाळतो. बदल आधी लॉगच्या शेवटी डिस्कवर पक्का होतो, टेबलात सावकाश उतरतो. मध्येच वीज गेली, तर सर्व्हर उठल्यावर लॉग वाचून राहिलेलं काम पुरं करतो.

या कीर्दीच्या १६ एमबीच्या फायली 'पीजी_वॉल' फोल्डरमध्ये असतात. आवृत्ती १० येईपर्यंत त्याचं नाव 'पीजी_एक्सलॉग' होतं, शेजारी 'पीजी_क्लॉग'. डिस्क भरली की घाईतले ॲडमिन 'लॉग' पाहून दोन्ही साफ करत, आणि डेटाबेस कायमचा आडवा होई. शेवटी २०१७ मध्ये नावंच बदलली. दोष सगळा ॲडमिनचा नव्हता, असं माझं मत.

पुसता येतो तो दुसरा लॉग: कोण जोडलं गेलं, कोणती क्वेरी फसली याची टिपणं. तो शोधायला फोल्डर चाळत बसू नये, सर्व्हरलाच विचारावं. 'शो लॉग_डिरेक्टरी' म्हटलं की जागा कळते. उत्तर अपुरं असेल तर ते 'डेटा_डिरेक्टरी'च्या आतलं धरायचं. उबुंटूवर मात्र तो बहुधा 'व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल'मध्ये सापडतो. मायएसक्यूएलला 'लॉग_एरर' विचारावं. त्याचा संथ क्वेरींचा लॉग मुळात बंदच असतो; चालू केला तरी १० सेकंदांच्या आतलं तो टिपत नाही, ही मर्यादा दुकानाच्या कामाला फारच सैल आहे.

वाचताना 'फेटल' दिसलं म्हणून घाबरू नये. चुकीच्या पासवर्डलाही पोस्टग्रेस तेच लिहितो, तुटतं ते एकच सत्र. 'पॅनिक' मात्र सगळ्यांना बाहेर काढतं. आणि ओळी शेवटून नव्हे, पहिल्या बिघाडापासून वाचाव्यात. नंतरच्या बहुतेक त्याचेच पडसाद.

'पीजी_वॉल' फुगत असेल तर फायलींना हात लावण्याआधी बंद पडलेल्या रेप्लिकाचा स्लॉट शिल्लक आहे का, आर्काइव्हची आज्ञा फसते आहे का, हे पाहावं. अडथळा दूर झाला की पुढच्या चेकपॉइंटला सर्व्हर जुन्या फायली स्वतःच काढतो.