दिव्यापेक्षा ज्योत मोठी!

गॅदरिंगच्या आदल्या रात्रीची गोष्ट. उद्घाटनाच्या निळ्या स्लाइडवर हलत्या ज्योतीचा दिवा हवा होता. गिफ फाइल मिळाली, पण ४०० बाय ४०० पिक्सेलची. रूममेट म्हणाला, "हात्तिच्या! इमेजमॅजिकची एक कमांड मार, २०० बाय २०० करून टाक." मारली. दिवा निम्मा झाला, पण ज्योत दिव्याएवढी उंच होऊन भलतीकडेच नाचायला लागली! रात्रीचे दोन वाजलेले, सकाळी दहाला पाहुणे.

झालं काय, की गिफमधली प्रत्येक फ्रेम म्हणजे पूर्ण चित्र असतंच असं नाही. जागा वाचवायला पहिल्या फ्रेममध्ये अख्खा दिवा आणि पुढे फक्त ज्योतीचा तुकडा (आमचा ६० बाय ९०) व तो कुठे चिकटवायचा त्याचा पत्ता. दाखवून झाल्यावर तुकडा तसाच ठेवायचा, पुसायचा की आधीचं चित्र परत आणायचं, ही सूचनाही सोबत असते. नुसतं 'रिसाइझ' म्हटलं की प्रोग्रॅम एकेक तुकडा सुटा धरून २०० च्या चौकटीत बसवतो. म्हणून ज्योत ताणून १३३ बाय २०० झाली, आणि पत्ताही चुकला!

तेव्हा मंडळी, रिसाइझच्या आधी 'कोअलेस' द्या. तो प्रत्येक फ्रेम पूर्ण भरून देतो. मग रिसाइझ, आणि शेवटी 'लेयर्स ऑप्टिमाइझ', म्हणजे पुन्हा तुकडे पडून फाइल आटोपशीर होते. पर्याय लिहिलेल्या क्रमानेच चालतात, त्यामुळे उलटसुलट केलंत तर पहिले पाढे पंचावन्न. (विंडोजवाल्यांनी सातव्या आवृत्तीची 'मॅजिक' कमांड वापरावी. जुनी 'कन्व्हर्ट' टाइप केली तर फॅट डिस्कची एनटीएफएस करणारं विंडोजचंच हत्यार उठू शकतं!)

आता पारदर्शकता. गिफला ती १९८९ च्या ८९ए आवृत्तीत मिळाली, पण लाइटच्या बटणासारखी: चालू नाहीतर बंद. लहान करताना शेजारचे पिक्सेल मिसळून कडा अर्धपारदर्शक होतात, आणि अर्धं काही गिफला ठेवताच येत नाही. म्हणून रिसाइझनंतर अल्फा चॅनलवर ५० टक्क्यांचा 'थ्रेशोल्ड' लावून निकाल आपणच द्यावा. छोटं, ठोकळेबाज आयकॉन असेल तर रिसाइझऐवजी 'सॅम्पल' बरं. ते पिक्सेल मिसळत नाही, फक्त निवडतं. कडा खडबडीत राहतात, पण स्वच्छ.

साडेतीनला आमची ज्योत जागेवर आली. दिव्याभोवती बारीक पांढरी झालर मात्र राहिलीच. ती मूळ फाइलमध्येच होती, कुणीतरी पांढऱ्या पानासाठी काढलेली. शेवटी स्लाइडच पांढरी केली.