कुलाब्याच्या नोंदी आणि कळंबोलीचे उपकेंद्र

कळंबोली म्हटले की लोकांना आठवते ते स्टील मार्केट, ट्रेलरच्या रांगा आणि पुण्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचे तोंड. गेल्या दोन वर्षांत या परिसराची चर्चा आणखी एका कारणाने होते आहे. १४ जून २०२५ रोजी पाच परदेशी विद्यापीठांना मुंबई-नवी मुंबई परिसरात शाखा उघडण्यासाठी इरादापत्रे दिली गेली. त्यात अभियांत्रिकीसाठी ओळखली जाणारी शिकागोची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, तशीच अबर्डीन, यॉर्क आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ही विद्यापीठेही आहेत. नवी मुंबई विमानतळाजवळ 'एज्युसिटी' उभी करण्याची सरकारची योजना आहे.

शाखा येणे चांगलेच. इथल्या मुलांना परदेशी पदवी घराजवळ मिळेल. पण शाखा म्हणजे संशोधनातील भागीदारी नव्हे. भागीदारीत दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज असावी लागते. ती कशातून निर्माण होते हे पाहायचे, तर कळंबोली महामार्गालगत नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा इतिहास वाचावा. ही संस्था विद्यापीठ नाही, पण जगभरच्या विद्यापीठांना तिच्याकडे यावे लागले आहे.

संस्थेचे मूळ कुलाब्याला आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा स्थापन केली ती जहाजांना वेळ कळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत म्हणून. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे १८४१ मध्ये एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांनी सुरू केली. त्या काळात युरोपात गाउस आणि वेबर यांनी ग्यॉटिंगेन विद्यापीठातून एक संघ उभा केला होता. ठरलेल्या दिवशी, ग्यॉटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, निरनिराळ्या देशांतले निरीक्षक एकाच क्षणी चुंबकसूची वाचत. ब्रिटिशांनी ही पद्धत आपल्या वसाहतींत नेली. विद्यापीठातून निघालेली आणि जगभर पसरलेली ही पहिल्या मोठ्या संशोधनजाळ्यांपैकी एक. तरुण केरो लक्ष्मण छत्रे याच सुमारास कुलाब्याला साहाय्यक होते. पुढे टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले, पण वेधांची शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती इथे.

काम कंटाळवाणे होते. दिवस असो वा रात्र, तासातासाला आकडा वाचायचा आणि लिहायचा. सूची अस्वस्थ दिसली की दर पंधरा मिनिटांनी, गरज पडल्यास दर पाच मिनिटांनी. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लख्ख प्रकाशाचा उद्रेक पाहिला. साडेसतरा तासांच्या आसपास उलटले आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन थडकले. अमेरिकेत तारयंत्रे बॅटरी काढूनही चालत राहिली. इंग्लंडमधल्या छायाचित्रण पद्धतीच्या उपकरणांतली रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्यात मात्र माणसे डोळ्यांनी आकडे वाचत होती आणि त्यांनी क्षितिजसमांतर बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदवली. त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर नाहीत. मला याची रुखरुख वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. त्यांच्या प्रवाहाने सूची बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी जागा शोधली अलिबागला. तिथली इमारत पोरबंदरच्या दगडात, लोखंडाला दूर ठेवून बांधली गेली. १९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाले, पण मूस यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे चालली. दोन जागांच्या आकड्यांत किती फरक पडतो हे अशा समांतर नोंदींवाचून कळत नाही आणि ते कळले नाही तर जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येत नाही. खर्च दुप्पट, श्रम दुप्पट, तत्काळ लाभ काही नाही. माझ्या मते भूचुंबकत्वाच्या भारतीय इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे. विजेची ट्राम प्रत्यक्ष धावली १९०७ मध्ये.

या चिकाटीचे फळ फार उशिरा मिळाले. २००३ मध्ये 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च'मध्ये १८५९ च्या वादळावर एक निबंध आला. लेखक चार: नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलच्या अवकाश संशोधन संस्थेचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना व शोभना अ‍ॅलेक्स. पहिल्या दोघांकडे वादळांच्या भौतिकीचा गाढा अभ्यास होता. आकडे मात्र कुलाब्याचेच हवे होते. कुलाबा विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातल्या प्रवाहांच्या गोंधळापासून लांब, त्यामुळे तिथल्या नोंदीला विशेष मोल. या निबंधानंतर तसे वादळ पुन्हा आले तर काय होईल, या प्रश्नाला नवी धार आली. २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यावर अहवालही काढला.

निष्कर्षावर वाद झाला, तोही निरोगी. १६०० हा क्षणिक आकडा आहे. तासाची सरासरी घेतली तर तो जवळपास निम्म्यावर येतो. २०२२ मध्ये नागोया विद्यापीठाचे हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने कुलाब्याच्या छापील वार्षिकांकडे पुन्हा मोर्चा वळवला आणि चुंबकीय क्षेत्राच्या एका घटकाऐवजी तिन्ही घटकांचे चित्र मांडले. या गटात अंकुश भास्कर हे भारतीय संशोधकही होते. दीडशे वर्षांपूर्वीची नोंद जपानच्या विद्यापीठाला आजही नवे काही सांगते, कारण ती अपुरी ठेवली गेली नव्हती.

अभियंत्यांचा याच्याशी संबंध काय? कळंबोलीतच राज्याच्या वीजवहन कंपनीचे, महापारेषणचे, उपकेंद्र आहे. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत विद्युतदाब निर्माण होतो. लांब वाहिनीच्या दोन्ही टोकांचे ट्रान्सफॉर्मर न्यूट्रलमधून जमिनीला जोडलेले असल्यामुळे त्यांतून जवळजवळ एकदिश प्रवाह वाहू लागतो. गाभा संपृक्त होतो, तापतो, संरक्षक रिले गोंधळतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाचा क्युबेक प्रांत याच कारणाने सुमारे नऊ तास अंधारात होता. मुंबईच्या अक्षांशावर धोका तितका मोठा नाही हे खरे. पण केप टाऊन विद्यापीठाचे ट्रेव्हर गाँट यांनी २००३ च्या वादळांनंतर दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सफॉर्मरांचे नुकसान तपासले, तेव्हा हा प्रश्न फक्त ध्रुवाजवळच्या देशांचा नाही हे दिसले. शिवाय २०१३ च्या अखेरीस आपले पाचही विभागीय ग्रीड एकमेकांना जोडले गेले आणि वाहिन्या आता फार लांब पल्ल्याच्या आहेत.

विद्यापीठाबरोबर काम करणे भूचुंबकत्व संस्थेला नवे नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात तिचे मध्यम वारंवारतेचे रडार वरच्या वातावरणातील वारे मोजण्यासाठी उभारले गेले. कळंबोलीच्या भोवती, कामोठे, नवीन पनवेल, खारघर इथे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्युत विभागांनी परदेशी विद्यापीठाशी आधी सामंजस्य करार करून मग विषय शोधू नये. आधी एक मोजमाप सुरू करावे: उपकेंद्रातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधला मंद प्रवाह, सेकंदासेकंदाला, उपग्रहाच्या वेळेशी जुळवून. त्यासाठी महापारेषणची परवानगी लागेल आणि ती मागण्याची जबाबदारी प्राचार्यांनी स्वतः घ्यावी. प्रवाह मोजायला हॉल इफेक्टचा सेन्सर पुरतो, आणि तो पदवीच्या विद्यार्थ्यांनाही हाताळता येतो. चार-पाच वर्षे खंड न पडता हे चालले, अलिबागच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि आकडे सर्वांना खुले केले, तर खालच्या अक्षांशांवरच्या ग्रीडचा अभ्यास करणाऱ्या केप टाऊनला किंवा नागोयाला कळंबोलीची दखल घ्यावी लागेल. करार तेव्हा करावा, आणि त्यात पहिल्या कलमात दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचे संयुक्त मार्गदर्शन असावे, दुसऱ्यात आकड्यांची मालकी कोणाची हे स्पष्ट लिहिलेले असावे.