नवगाव ते दिमोना : बेने इस्रायलांच्या ‘कर’ आडनावांचा प्रवास

१९९३ साली ग्लाफकोस क्लेरिडिस सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि २००३ पर्यंत त्या पदावर राहिले. त्या दहा वर्षांत सायप्रसच्या ‘फर्स्ट लेडी’ असलेल्या लीला क्लेरिडिस यांचं माहेरचं आडनाव होतं एरुलकर. वडील डॉ. अब्राहम सॉलोमन एरुलकर मुंबईतले नामांकित डॉक्टर. गांधीजींच्या उपोषणाच्या काळात त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्यांत ते होते, पुढे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्षही झाले. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोही भाषणांबद्दल कारवाई झाली, तेव्हा जिनांच्या हाताखाली उभ्या राहिलेल्या वकिलांतही एक एरुलकर होते, डेव्हिड एरुलकर. लीलाबाई लंडनला बीबीसीत होत्या, १९४७ साली त्यांचं क्लेरिडिस यांच्याशी लग्न झालं आणि आपल्या किनाऱ्यावरचं एक आडनाव भूमध्य समुद्रातल्या बेटावर जाऊन पोहोचलं.

एरुलकर हे ज्यू कुटुंब. आडनाव ऐकून ते कुणाच्या ध्यानात येणार नाही, आणि या लेखाला तिथूनच सुरुवात करायची आहे. महाराष्ट्रात ‘कर’ लावला की गाव कळतं, जात कळेलच असं नाही. दिवेकर चित्पावन असू शकतात, दिवेकर ज्यूही असू शकतात. दांडेकरांचं तेच. कोलटकर म्हटल्यावर आपल्याला कवी आठवतात, पण कोलटकर बेने इस्रायलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंतही आहेत. चौलचा कोणीही चेऊलकर होऊ शकतो, तो कोळी असो, ब्राह्मण असो की शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली असो.

हा शेवटचा उल्लेख गमतीने केलेला नाही. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, बेने इस्रायलांना शेजारीपाजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. गावोगाव त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शब्बाथ म्हणून शनिवारी ते घाण्याला बैल जुंपत नसत. त्यांची स्वतःची समजूत अशी की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. नवगावची ती दफनभूमी आजही दाखवली जाते. जहाज कधी फुटलं यावर एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही घटना ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेली, इतर अभ्यासक ती कित्येक शतकं अलीकडे आणतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारा सापडल्या आणि त्यांचं मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं असल्याचं अनुमान निघालं. लेखी पुरावा फारच उशिराचा. सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने १७३८ साली लिहिलेल्या पत्रात ‘बेने इस्रायल’ हे नाव येतं. त्याआधीचं सगळं परंपरेच्या हवाली.

आडनावांचं मात्र तसं नाही. त्यांचा पुरावा जमिनीवर उभा आहे. नवगावावरून नवगावकर, पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर, चौलवरून चेऊलकर, झिराडवरून झिराडकर, नागाववरून नागावकर. मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूला राजपुरी, तिथले राजपूरकर. शहापूरचे शापूरकर. किहीमचे केहिमकर. (पक्षिप्रेमींना किहीम सलीम अलींच्या सुगरण पक्ष्यांमुळे माहीत असतं, त्याच गावाने ज्यू समाजाला त्याचा पहिला मोठा इतिहासकार दिला.) अशी आडनावं शंभराहून अधिक भरतात. नकाशावर ती गावं टिंबांनी दाखवत गेलं, तर पनवेलपासून म्हसळ्यापर्यंतची खाड्यांची पट्टी उमटते. या पट्टीबाहेर फारच थोडी टिंबं पडतात. सरकारी दप्तरांपेक्षा या समाजाची जुनी वस्ती त्याच्या आडनावांतच जास्त चोख नोंदली गेली आहे, असं माझं मत झालं आहे.

आता एक साधी गोष्ट. नवगावात राहणाऱ्याला कुणी नवगावकर म्हणत नाही. गाव सोडलं की ‘कर’ चिकटतो. बेने इस्रायल गाव सोडून मोठ्या संख्येने मुंबईत येऊ लागले ते अठराव्या शतकात, कंपनीच्या पलटणींत आणि गोदी-बांधकामांवर. शिपायांच्या हजेरीपटावर त्यांची नावं कशी असत? मोझेसचा मुसाजी, डेव्हिडचा दाऊदजी, जेकबचा अकुबजी, सॅम्युएलचा समाजी, एझिकिएलचा हसाजी. बायबलमधल्या नावांना मराठी ‘जी’ लावून केलेली ही नावं कानाला गोड, पण मोजकीच. एका पलटणीत चार समाजी हसाजी निघाले तर वेगळे कसे ओळखायचे? गाव लावून. ‘कर’ त्यांच्यात घट्ट रुजला तो या अडचणीतून, असं मला वाटतं, कारण पुढच्या शे-दीडशे वर्षांत जिथे ही अडचण उरली नाही तिथे तो गळून पडलेला दिसतो आणि जिथे ती पुन्हा आली तिथे तो परत वापरात आला.

समाजी हसाजी हे नाव मी मुद्दाम घेतलं. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकिएल दिवेकर, कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले, टिपूच्या आईने रदबदली केल्यामुळे वाचले आणि सुटकेचा नवस म्हणून त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं, अशी कथा आहे. कथेचा टिपूच्या आईचा भाग कितपत खरा, ते सोडून देऊ. सिनेगॉग मात्र उभं आहे. त्याच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. समाजातले लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव या ‘मशिदी’वरूनच पडलं असं सांगितलं जातं. लोकल पकडणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल!

धर्मकृत्यांच्या बाबतीतही आडनावांना वजन होतं. डेव्हिड रहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या विद्वानाने विस्मृतीत गेलेले ज्यू आचार या लोकांना पुन्हा शिकवले आणि तीन घराण्यांना काजीपद दिलं, असं परंपरा सांगते. ती घराणी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. पैकी राजपूरकरांत पुढे जोसेफ एझिकिएल राजपूरकर झाले. हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणण्याचं त्यांचं काम एवढं मोठं आहे की एकोणिसाव्या शतकातल्या मराठी भाषांतराच्या इतिहासात त्यांना स्वतंत्र प्रकरण मिळायला हवं होतं. ते मिळालेलं नाही. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादाचे, म्हणजे वल्हांडणाच्या पोथीचे, संपादक होते मोझेस जेकब तळकर आणि अ‍ॅरन डॅनिएल तळकर. त्या पोथीतल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. आणि केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा काढली. समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला, पण तो छापला गेला १९३७ साली तेल अवीवमध्ये. लेखकाच्या आडनावाने त्याच्या समाजाआधी पॅलेस्टाइन गाठलं, असं म्हणता येईल.

इंग्रजी शाळा आणि सरकारी नोकऱ्या आल्या तसा मराठी ‘जी’ गेला. समाजी परत सॅम्युएल झाला. त्याच सुमारास बापाचं नाव आडनावाच्या जागी लावायची पद्धत पसरली. निस्सिम एझिकिएल या कवीच्या नावात गाव कुठेच नाही. सिनेमातले सर्वांचे लाडके डेव्हिड पूर्ण नावाने डेव्हिड अब्राहम चेऊलकर. १९५४ च्या ‘बूट पॉलिश’मधल्या जॉनचाचांना चौल कुणी विचारलं नाही. आयुष्याच्या अखेरीला ते कॅनडात होते, टोरांटोत वारले. जेरुशा झिराड या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या घराण्याने ‘कर’ काढला पण झिराड ठेवलं! चांगल्या शिकलेल्या, इंग्रजी वर्तुळात वावरणाऱ्या घरांत ‘कर’ आधी गेला आणि मुंबईच्या चाळींत नि कोकणातल्या आळ्यांत तो टिकला, असा ढोबळ नियम मांडता येईल. एरुलकरांसारखे अपवाद अर्थातच आहेत.

मुंबई इलाखा जिकडे पसरला तिकडे हे लोक गेले. रेल्वे, पोस्ट, कस्टम, पोलीस, लष्करी कचेऱ्या. अहमदाबाद, कराची, रंगून. मुंबई सरकारच्या अमलाखालचं एडन. कराचीत मॅगेन शालोम सिनेगॉग १८९३ मध्ये बांधलं ते सॉलोमन डेव्हिड उमेर्डेकर यांनी. ते नगरपालिकेत सर्व्हेअर होते. फाळणीनंतर तिथली वस्ती विरत गेली आणि १९८८ साली ती इमारतही पाडली गेली.

मग इस्रायल. १९५१ च्या जनगणनेत भारतात २६,५१२ ज्यू होते, १९६१ ला १८,५५३, १९७१ ला अवघे ५,८२५. २०११ मध्ये ४,६५०. यांत बगदादी आणि कोचीनचे ज्यूही आले, पण मोठा वाटा बेने इस्रायलांचा. या घटीचं कारण एकच, स्थलांतर. १९५० आणि १९६० च्या दशकांत बोटी आणि विमानं भरून माणसं गेली. तिकडे गेल्यावर त्यांना वाटेल तिथे घर मिळालं नाही. सरकारने वाळवंटात आणि सीमेवर नवी गावं वसवायला घेतली होती, त्यांतच बहुतेकांची पाठवणी झाली. दिमोना, येरुहाम, बीरशेबा, किर्यात गात, अश्दोद, लोद, रामले. आज इस्रायलमधल्या दूरध्वनी-पत्त्यांच्या यादीत ‘कर’ शोधायचे तर तेल अवीवच्या झकपक भागांपेक्षा याच गावांत जास्त सापडतील. आडनावांचा आजचा विस्तार त्या काळच्या गृहनिर्माण खात्याच्या कागदावर ठरला, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मनं काळवंडवणाऱ्या गोष्टीही झाल्या. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी भेदभावाविरुद्ध धरणं धरलं, ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ म्हणाले, आणि काही जण खरोखर परतलेही. त्याहून जिव्हारी लागला तो विवाहाचा प्रश्न. १९६२ साली मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्रायलाचं लग्न इतर ज्यूंशी नोंदवण्याआधी त्याच्या घराण्याची जमेल तितकी मागची चौकशी करावी. ज्या ‘कर’मुळे कोकणात माणूस शेजाऱ्यांत मिसळून जात होता, त्याच ‘कर’मुळे लग्ननोंदणीच्या खिडकीवर तो वेगळा काढला जाऊ लागला असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत असा ठराव केला आणि पुढे धर्मपीठालाही आदेशाची भाषा बदलावी लागली.

त्या काळात इस्रायलमध्ये परदेशी आडनाव टाकून हिब्रू आडनाव घ्यायची चाल जोरात होती. पहिल्या पंतप्रधानांनी स्वतःच ते केलं होतं. बेने इस्रायलांतल्या अनेकांनी ‘कर’ सोडला, बापाच्या बायबली नावावर भागवलं. २०१७ मध्ये भारताच्या पंतप्रधानांच्या इस्रायल दौऱ्यात राष्ट्रगीत गाणाऱ्या गायिका लिओरा इत्झाक यांच्या नावावरून मुंबईचं मूळ कळत नाही. पण पुष्कळांनी तो ठेवला, आणि त्यामागे फक्त अभिमान नव्हता. ज्या देशात गल्लोगल्ली डेव्हिड आणि मोशे राहतात तिथे बापाचं नाव लावून वेगळेपण काय उरणार? दीडशे वर्षांपूर्वी पलटणीत जी अडचण होती, तीच इथे पुन्हा उभी राहिली आणि पेणकर, दिवेकर, तळकर पुन्हा उपयोगी पडले.

आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५,००० ज्यू आहेत, असा भारतीय दूतावासाचा अंदाज आहे, आणि त्यांत महाराष्ट्रातून गेलेले सर्वांत जास्त. तिथून आणि थेट भारतातूनही काही कुटुंबं ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेली. इस्रायलमध्ये मराठी वाचणारी पिढी आता आजी-आजोबांची. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथून निघत आलं, महाराष्ट्र दिनही साजरा होतो, मलिद्याचं तबक एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मांडलं जातं. नातवंडं मात्र हिब्रूत बोलतात.

आपल्या घराण्याचा शोध घेणाऱ्यांना यात एक व्यावहारिक त्रास होतो. हिब्रू लिपीत स्वर बहुधा लिहीत नाहीत, आणि ळ, ठ, ण यांना जागाच नाही. इंग्रजीत जुन्या कारकुनांनी ‘कर’चं ‘केर’ केलं. त्यामुळे एकाच घरातले चुलत भाऊ नवगावकर, नौगावकर आणि नावगाओकेर म्हणून तीन देशांच्या तीन दप्तरांत सापडतात. नवगाव हे मूळ गाव माहीत असेल तरच ते तिघे एक आहेत हे कळतं. संगणकाला ते कळत नाही.

म्हणून एक विनंती, विशेषतः रायगडातल्या वाचकांना. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल इथली सिनेगॉग अजून आहेत, तिथे कोणी ना कोणी जातं. पण लहान गावांतल्या दफनभूमींकडे बघायला कुणी उरलेलं नाही. तिथल्या दगडांवर हिब्रूच्या खाली मराठीत नाव, बापाचं नाव आणि ‘कर’ कोरलेला आहे. खाऱ्या वाऱ्याने तो दरवर्षी थोडा पुसट होतो. तुमच्या गावात अशी जागा असेल तर दगडांचे फोटो काढा, नाव जसं कोरलंय तसंच, दुरुस्त न करता, उतरवून घ्या आणि अलिबाग, ठाणे किंवा मुंबईच्या सिनेगॉगमध्ये नेऊन द्या. दिमोनातला एखादा नवगावकर त्याची वाट पाहत असण्याचा पुरेपूर संभव आहे.