बॅटरी परत आली, पण कुणाकडे?

बॅटरीच्या धंद्यात दिवस उगवतो तो शिशाच्या भावानं. लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर काल शिसं कितीला बंद झालं, रुपया कुठे आहे, एमसीएक्सवर काय चाललंय, हे सांगली-कोल्हापूरच्या बॅटरीविक्रेत्यालाही तोंडपाठ असतं. गिऱ्हाइकाला वाटतं, हा माणूस नव्या बॅटऱ्या विकतो. पण नव्या बॅटरीवरचा नफा ठरलेला असतो. वरखाली होते ती जुन्या बॅटरीवरची कमाई. मी बरीच वर्षं आधी बॅटऱ्यांच्या वितरणात आणि मग जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याच्या कामात काढली. नियम राजपत्रात काय म्हणतात आणि काउंटरवर त्यांचं काय होतं, हे दोन्ही जवळून पाहिलं. त्यातले काही प्रसंग सांगतो. सगळी नावं मुद्दाम वगळली आहेत.

शिशाची बॅटरी कुणीही उकिरड्यावर टाकत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. मोटारीची बारा-पंधरा किलोची बॅटरी घेतली, तर त्यात निम्म्याहून जास्त वजन शिशाचंच. शिसं कितीदाही वितळवा, त्याचा गुण जात नाही. देशात खाणीतून शिसं काढणारी मोठी कंपनी हिंदुस्तान झिंक ही एकच. बाकीची गरज मुख्यतः जुन्या बॅटऱ्यांवर भागते. त्यामुळे बॅटरी परत येते का, याची चिंता करायचं कारण नाही. ती येतेच. ती कुठल्या भट्टीत जाते, यावर सगळं अवलंबून आहे.

एका विक्रेत्याच्या दुकानामागे जुन्या इन्व्हर्टर बॅटऱ्यांची रांग असायची. कंपनीची गाडी न्यायला आली की रांग निम्मी झालेली. मी विचारलं, तर त्यांनी काही लपवलं नाही. "साहेब, तुमचे पैसे क्रेडिट नोटमध्ये येणार, तेही पुढच्या महिन्यात. हा भंगारवाला रोज येतो, रोख देतो आणि किलोमागे तुमच्यापेक्षा जास्त देतो. मी काय करू सांगा." ॲसिडसकटच्या बॅटरीचा भाव वेगळा आणि ॲसिड काढलेल्या बॅटरीचा वेगळा. भंगारवाल्याला ॲसिड काढलेली हवी असते, कारण त्याला पाण्याचं वजन वाहून न्यायचं नसतं. मग ते ॲसिड कुठे जातं? त्यांनी गटाराकडे बोट केलं. त्या ॲसिडात शिशाचे कण मिसळलेले असतात, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांचा धाकटा मुलगा शाळेतून आल्यावर त्याच मागच्या अंगणात खेळायचा.

भंगारवाल्याला जास्त भाव परवडतो कसा, हे समजायला दोन भट्ट्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. नोंदणीकृत कारखान्यात बॅटरी यंत्रानं फुटते, ॲसिड निवळून निष्प्रभ केलं जातं, धूर गाळण्यांमधून जातो, कामगारांच्या रक्तातलं शिसं ठरावीक काळानं तपासलं जातं, वर जीएसटी भरला जातो. आळंदीजवळ मरकळला एक्साइडच्या उपकंपनीचा असा कारखाना आहे. देशात असे आणखीही आहेत. दुसरीकडे शेताच्या कडेची भट्टी. कुऱ्हाडीनं बॅटरी फोडायची, ॲसिड मातीत सोडायचं, प्लेटा कोळशावर वितळवायच्या. धूर वाऱ्यावर. यातला प्रत्येक वाचलेला खर्च किलोमागच्या जास्तीच्या भावात दिसतो. आणि तो जास्तीचा भाव आसपासच्या वस्तीतली मुलं आपल्या रक्तातून चुकवतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे, आणि त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली आहेत. सगळं शिसं बॅटऱ्यांमधून येत नाही, पण बेकायदा भट्ट्या हे त्याचं एक मोठं कारण आहे.

आपल्याकडे बॅटऱ्यांसाठी पहिला स्वतंत्र नियम मे २००१ मध्ये आला. विक्रेत्यानं जुनी बॅटरी परत घ्यायची, कंपनीनं पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ७५ आणि तिसऱ्या वर्षापासून ९० टक्के गोळा करायच्या, आणि दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विवरणपत्र भरायचं. हेतू उत्तम होता. पण विवरणपत्राची तारीख जवळ आली की काय व्हायचं ते मी पाहिलंय. विक्रेत्यांना फोन जायचे, "किती परत घेतल्या?" पलीकडून उत्तर यायचं, "गेल्या वेळी किती लिहिल्या होत्या? त्यात थोड्या वाढवून लिहा." असे आकडे बेरजेला लागत आणि टक्केवारी सुंदर दिसायची. कागदी विवरणपत्रं एकमेकांशी ताडून बघणं फार अवघड होतं. विकलेल्या आणि परत आलेल्या बॅटरीमधला दुवा कुणाच्याच हातात नव्हता.

भावाचा आणि मुलांच्या जिवाचा संबंध किती थेट असतो, हे सेनेगलमध्ये दिसलं. डकारच्या वेशीवर तियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्या फोडल्या जात आणि मातीत शिशाचा चुरा साठत गेला होता. २००७ मध्ये लंडनच्या बाजारात शिशाचा भाव चढत चढत टनाला साडेतीन हजार डॉलरच्या वर गेला. तोपर्यंत ज्या मातीकडे कुणी बघत नव्हतं, तिला गिऱ्हाईक मिळालं. बायका ती माती चाळू लागल्या, चुरा पोत्यांत भरून घरात ठेवू लागल्या. पोरं शेजारीच खेळत होती. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात त्या वस्तीतली १८ लहान मुलं दगावली. सुरुवातीला कारणच कळेना. तपासणी झाली तेव्हा भावंडांच्या आणि आयांच्या रक्तातही भयंकर प्रमाणात शिसं निघालं. मेटल एक्स्चेंजचा आलेख समोर आला की मला ती वस्ती आठवते.

ऑगस्ट २०२२ मध्ये जुना नियम जाऊन बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले. आता शिसं, लिथियम, निकेल, लहान-मोठी, मोटारीची, कारखान्याची, खेळण्यातली, सगळ्याच बॅटऱ्या त्यांच्या कक्षेत आहेत. बॅटरी जमिनीत गाडायला आणि जाळायला बंदी आली. जुन्या बॅटरीतून किती माल परत काढायचा, तेही ठरलं: इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीतून २०२४-२५ मध्ये ७० टक्के आणि २०२६-२७ पासून ९० टक्के. कंपनीनं स्वतः बॅटरी गोळा करायलाच हवी असं नाही. नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यानं प्रक्रिया केली की त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर प्रमाणपत्र मिळतं, आणि कंपनी ते विकत घेऊन आपली जबाबदारी पूर्ण करते.

नियम आल्यावर काही महिने माझा फोन थांबत नव्हता. एका आयातदाराचा आवाज अजून कानात आहे: "अहो, मी बॅटरी विकतच नाही. मी टॉर्च विकतो." त्यांच्या टॉर्चमध्ये बॅटरी होती, म्हणून नियमाच्या लेखी ते उत्पादकच होते. पॉवर बँक, खेळणी, ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्या कितीतरी लोकांना आपण बॅटरीच्या कायद्यात बसतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझ्या मते या नियमाचं सर्वांत मोठं काम हेच आहे. जबाबदारी इतकी पसरवल्याशिवाय लिथियमचा प्रश्न सुटणार नव्हता.

दुसऱ्या एका फोननं मात्र झोप उडाली. प्रमाणपत्रांचा दलाल होता. बॅटऱ्या आहेत का, कुठल्या आहेत, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, किती टनांचं हवंय?" मी म्हटलं, "बॅटऱ्या कुठे आहेत?" तर म्हणे, "त्याची काळजी तुम्ही कशाला करता?" हा धोका काल्पनिक नाही. प्लास्टिक कचऱ्याच्या अशाच प्रमाणपत्रांच्या बाबतीत २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून चार कंपन्यांची ६ लाखांहून जास्त बनावट प्रमाणपत्रं उघडकीला आली. बॅटरीतही तीच पळवाट तयार होऊ शकते. २०२४ च्या दुरुस्तीनं प्रमाणपत्राला किमान आणि कमाल भाव दिला. जबाबदारी न पाळल्यास कंपनीला भरावी लागणाऱ्या पर्यावरण भरपाईच्या रकमेच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी नाही आणि १०० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. खरं काम करणाऱ्या कारखान्याला त्यामुळे आधार मिळाला. पण भाव बांधून माल खरा होत नाही. प्रत्येक प्रमाणपत्रामागे काट्याची पावती, ई-वे बिल, कारखान्याची वीज आणि बाहेर गेलेलं शिसं, हे चारही आकडे जुळलेच पाहिजेत, आणि ते जुळवून बघणारी माणसं मंडळाकडे पुरेशा संख्येनं पाहिजेत. त्याशिवाय पोर्टल म्हणजे जुनंच विवरणपत्र, फक्त संगणकावरचं.

लिथियमचा प्रश्न वेगळाच. हल्ली बारा व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या अगदी शिशाच्या बॅटरीसारख्या डब्यात येतात. रंग, आकार, टर्मिनल, सगळं तेच. भंगारातून आलेल्या ढिगात तशी एखादी मिसळली आणि बॅटरी फोडण्याच्या यंत्रात गेली, की स्फोटच. जगभरच्या शिसे कारखान्यांना आज या आगींनी घेरलंय. एका कारखान्यात ढीग निवडणाऱ्या मावशींनी मला त्यांची युक्ती दाखवली. प्रत्येक बॅटरी त्या आधी उचलून बघायच्या. "हलकी लागली की बाजूला ठेवते," म्हणाल्या. तिथे यंत्रापेक्षा त्यांचा हात आधी ओळखायचा, आणि त्या हाताला हातमोजे मिळावेत म्हणून आम्हाला भांडावं लागलं.

शिवाय लिथियमच्या सगळ्या बॅटऱ्या भंगारात किमती नसतात. कोबाल्ट-निकेल असलेल्या बॅटरीला गिऱ्हाईक आहे. पण ई-रिक्षांपासून घरगुती साठवणुकीपर्यंत पसरलेल्या लोह-फॉस्फेट बॅटरीतून मिळणाऱ्या मालात प्रक्रियेचा खर्चही मुश्किलीनं निघतो. टाटा केमिकल्सनं २०१९ मध्येच पालघरला लिथियम बॅटरीच्या पुनर्वापराला हात घातला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. कारखाने उभे राहतील. दुकानापासून कारखान्यापर्यंत जुनी, फुगलेली बॅटरी कोण नेणार, तिथे गाडं अडतं. ट्रकवाले नाही म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही.

हीच अडचण अमेरिकेत निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या वेळी आली होती. १९९४ मध्ये बॅटरी उद्योगानं स्वतःच्या पैशानं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करणारी संस्था काढली, जी पुढे कॉल टू रिसायकल म्हणून ओळखली गेली. पण कॅडमियम धोकादायक कचऱ्यात मोडत असल्यानं कॉर्डलेस फोनच्या जुन्या बॅटऱ्यांचा डबा ठेवणारा दुकानदारही धोकादायक कचऱ्याच्या किचकट नियमांत अडकला असता. तेव्हा उद्योगानंच कायदा मागितला. १९९५ मध्ये पर्यावरण खात्यानं नियम सुटसुटीत केले आणि मे १९९६ मध्ये बॅटरी कायद्यावर सही होऊन ते देशभर लागू झाले. कायदा कडक असावा असं मोठ्या कंपन्यांना वाटू शकतं, हे मी आपल्याकडच्या बैठकांतही पाहिलंय. पाळणाऱ्याचा खर्च वाढतो आणि न पाळणारा स्वस्त विकतो, म्हणून ते अंमलबजावणी मागतात. ती मागणी सरकारनं मनावर घ्यावी.

तोपर्यंत आपल्या हातात एक काम आहे. इन्व्हर्टर किंवा गाडीची बॅटरी बदलताना जुनी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, शंभर-दोनशे जास्त मिळाले तरी. विक्रेत्यालाच द्या, तीही ॲसिडसकट, आणि जुन्या बॅटरीच्या वजनाची पक्की पावती मागा. मोबाईल, पॉवर बँक किंवा स्कूटरची लिथियम बॅटरी असेल तर टर्मिनलवर चिकटपट्टी लावा, शिशाच्या ढिगात किंवा घंटागाडीत टाकू नका, आणि ज्या कंपनीची वस्तू आहे तिला फोन करून विचारा की ती परत कुठे घेणार. परत घेण्याची व्यवस्था करणं ही आता तिची कायदेशीर जबाबदारी आहे.