ठोकलेल्या गाडीची पडलेली किंमत कोण भरून देणार?

बैलबाजारात एकदा पडलेला बैल हेड्याच्या नजरेतून सुटत नाही. जनावर आज धडधाकट असते, नांगर ओढते, गाडी ओढते. पण मागे कधी याचा पाय निखळला होता एवढे कळले की रुमालाखालची बोटे लगेच कमी होतात. बैलाचे काम कमी झालेले नसते, किंमत मात्र गेलेली असते. मोटारगाडीचेही तसेच आहे. आता कितीतरी वस्त्यांवर बैलजोडीच्या जागी दारात गाडी, पिकअप नाहीतर ट्रॅक्टर उभा दिसतो, तेव्हा हा हिशेबही घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यायला हवा.

तुम्ही म्हणाल, खोडकिडीचे सोडून हा विस्तार अधिकारी मोटारीत कुठे शिरला? कारण असे की, एका शिवारफेरीत एका बागायतदाराने मला उसावरची कीड दाखवायची सोडून गाडीच्या कागदांची पिशवी पुढे केली. त्यांची चार वर्षे वापरलेली गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, मागून मालट्रकने ठोकली. घरची माणसे उतरून रसवंतीवर गेली होती म्हणून वाचली. विमा कंपनीच्या खर्चाने गाडी दुरुस्त होऊन आली, चकचकीत दिसू लागली. चार महिन्यांनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी गाडी विकायला काढली. अपघाताआधी तिला ४ लाख २० हजारांचे गिऱ्हाईक आलेले होते. आता जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने डिकीतली चटई उचलली, खालचे वेल्डिंग पाहिले आणि ३ लाख ४० हजार सांगितले. दुसराही तेवढ्यावरच अडला. "साहेब, विमा भरला, दुरुस्ती झाली, मग माझे ऐंशी हजार खाल्ले कुणी?" असा त्यांचा सवाल होता.

व्यापाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. गाडीचा सांगाडा कारखान्यात यंत्रावर जोडलेला असतो; गॅरेजमध्ये तो हाताने ओढून, कापून, जोडून सरळ करतात. रंगाचा थर किती जाड आहे हे दाखवणारे छोटे यंत्र आता व्यापाऱ्याच्या खिशात असते. बॉनेटच्या बोल्टवर पाना लागल्याची खूण, दोन दरवाजांमधली कमीजास्त फट, यावरून तो सगळे ओळखतो. ट्रॅक्टर उलटलेला असेल तर गिअरबॉक्सच्या हाउसिंगला तडा जाऊन तो भरला आहे का, हे जाणता माणूस आधी बघतो. पुढे काय निघेल याची धास्ती गिऱ्हाईक किमतीतून वळती करून घेते.

आता विम्याचे पाहू. आपल्याकडे ज्याला सगळे 'फुल इन्शुरन्स' म्हणतात ते नाव मोठे फसवे आहे. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जे कलम असते, त्यातच लिहिलेले असते की अपघातामुळे पुढे ओढवणारे नुकसान, घसारा आणि झीज यांची भरपाई कंपनी देणार नाही. म्हणजे बाजारात पडलेली किंमत तुमची स्वतःची कंपनी देत नाही. दुरुस्तीच्या बिलातूनही कापते. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर निम्मी कपात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. दुसऱ्या वर्षात १० टक्के, पाचव्या वर्षात ३५ टक्के, दहा वर्षांपुढे ५०. काचेवर कपात नाही. जादा हप्ता भरून 'झिरो डेप' घेतले असेल तर ही कपात टळते, पण पडलेली किंमत तरीही मिळत नाही. शिवाय दावा घेतला की नो क्लेम बोनस जातो तो वेगळाच.

मग मागायचे कुणाकडे? ज्याच्या चुकीने गाडी ठोकली त्याच्याकडे.

मोटार अपघात दावा प्राधिकरण हे फक्त माणूस दगावला किंवा जायबंदी झाला तरच, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६५ मध्ये तिऱ्हाईताच्या मालमत्तेचे नुकसानही धरलेले आहे, आणि कलम १६६ प्रमाणे त्या मालमत्तेच्या मालकाला अर्ज करता येतो. तुमची गाडी, ट्रॅक्टर, ट्रॉली ही सगळी मालमत्ताच. अर्ज अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, तुमच्या सोयीने करता येतो. परजिल्ह्यात गाडी ठोकली म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही. समोरच्या गाडीचा चालक, मालक आणि त्याची विमा कंपनी अशा तिघांना त्यात सामील करतात. रक्कम मंजूर झाली तर तिच्यावर व्याज देण्याचा अधिकारही प्राधिकरणाला आहे.

मुदतीकडे मात्र डोळ्यात तेल घालून पाहा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची अट आली. त्या अटीवरून न्यायालयात वाद झालेले आहेत, पण त्याच्या भरवशावर कुणी सुगी संपेपर्यंत थांबू नये. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या हाती दोनच महिने उरले होते.

त्यांच्या ऐंशी हजारांबद्दल मी त्यांना तिथेच सांगितले की दादा, तुमचे ऐंशी हे खरे ऐंशी नाहीत. ४ लाख २० हजारांचे गिऱ्हाईक चार महिन्यांपूर्वीचे. गाडी दारात उभी राहिली तरी म्हातारी होतच असते. समजा, अपघात झालाच नसता तरी एवढ्या दिवसांत दहा-बारा हजार उतरलेच असते. ते वजा करून मागितले तर समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा राहत नाही. फुगवलेला आकडा खऱ्या आकड्यालाही घेऊन बुडतो, हे पीक नुकसानीच्या पंचनाम्यात मी आयुष्यभर पाहत आलो आहे.

किंमत किती पडली याचे ठरलेले कोष्टक आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २००१ सालच्या एका निकालाने स्वतःच्या विमा कंपनीलाही ही घट मोजायला लावली, आणि तिथे गाडीच्या किमतीच्या दहा टक्क्यांपासून सुरू होणारे एक सूत्र रूढ झाले. ते सूत्र मोबाईलवर वाचून इथे कुणी मांडू नये. तो कायदा तिकडचा. त्यापेक्षा इंग्लंडमधला १९७४ चा एक दावा आपल्याला जास्त शिकवतो. अपील न्यायालयाने तत्त्व मान्य केले की दुरुस्ती चांगली होऊनही बाजारभाव पडला तर तो मागता येतो. पण दावा करणाराच हरला, कारण भाव खरोखर पडला हे त्याला पुराव्याने दाखवता आले नाही.

तेव्हा सगळा जोर पुराव्यावर हवा. अपघाताच्या जागेवर गाडी हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या, समोरच्या गाडीचा नंबर त्यात आला पाहिजे. गॅरेजमध्ये पत्रा उघडल्यावर, जोडण्यापूर्वी, आतल्या सांगाड्याचे फोटो घ्यायला मात्र पुष्कळजण विसरतात, आणि खरी किंमत तिथेच पडलेली असते. फिर्याद, पंचनामा, सर्व्हेअरचा अहवाल, दुरुस्तीचे सविस्तर बिल, टोचन आणि भाड्याच्या गाडीच्या पावत्या, हे सगळे एका पिशवीत. मग दोन-तीन व्यापाऱ्यांकडून त्यांच्या छापील कागदावर लिहून घ्या: ही गाडी अपघात नसता तर आज कितीला घेतली असती आणि आता कितीला घेऊ. परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून घेतले आणि तो साक्षीला उभा राहायला तयार असला तर उत्तमच. वर सांगितलेल्या घरात ही पिशवी बागायतदाराच्या पत्नीने सांभाळली होती, सर्व्हिसिंगच्या पहिल्या पावतीपासून. घरधन्याला विमा कंपनीचे नावही धड आठवत नव्हते!

आपल्याकडचा मोठा अडसर म्हणजे जागेवर मिटवणे. ट्रकवाला दहा हजार पुढे करतो, कुणीतरी पाहुणा मध्ये पडतो, 'पोलिसांच्या भानगडीत कशाला' म्हणतो, आणि कोऱ्या कागदावर सही होते. माझे म्हणणे, किरकोळ ओरखडा असेल तर जरूर मिटवा. सांगाडा वाकला असेल तर पोलीस ठाण्यात नोंद केल्याशिवाय तिथून हलू नका. तसेच स्वतःच्या विमा कंपनीकडून पैसे घेताना ज्या कागदावर सही करता तो वाचून, नाहीतर वाचून घेऊन, मग सही करा. दुरुस्तीचे जे पैसे तिच्याकडून मिळाले ते समोरच्याकडून पुन्हा मागता येत नाहीत. अर्जात ते उघड लिहायचे आणि न मिळालेले तेवढेच मागायचे: कापलेला घसारा, भाडे, पडलेली किंमत.

चूक तुमचीही थोडी असेल तर तेवढ्या हिश्श्याने रक्कम कमी होते. रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रात्री रस्त्यात उभी करून ठेवली तर हे ऐकून घ्यावेच लागणार. गाडी तुम्हीच झाडावर घातली असेल तर पडलेली किंमत देणारा कुणीच नाही.

जुनी गाडी किंवा ट्रॅक्टर स्टॅम्प पेपरवर घेऊन आर.सी. बुक पहिल्या मालकाच्या नावावर तसेच ठेवण्याची वाईट सवय सर्रास आहे. मालमत्तेच्या दाव्यात पहिला प्रश्न मालक कोण हाच येतो. नाव लावून घ्यायला अर्ज करायचा असतो खरेदीपासून तीस दिवसांत.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. असे दावे लोकअदालतीतही तडजोडीने निघतात. आमच्या बागायतदारांनी मुदतीत अर्ज केला. तो चालू आहे, आणि गाडी त्यांनी विकली नाही. फी सोसायटीच्या कर्जातून भरली.

आणि घरी गेल्यावर एक करा. स्वतःच्या गाडीची पॉलिसी काढून तिऱ्हाईताच्या मालमत्तेसमोर कोणता आकडा आहे ते पाहा. चारचाकीला तो साधारणपणे ७ लाख ५० हजार आणि दुचाकीला १ लाख असतो. काही एजंट हप्ता थोडा कमी दिसावा म्हणून तो ६,००० वर आणून ठेवतात. तसे असेल आणि उद्या तुमच्या हातून दुसऱ्याची गाडी ठोकली गेली, तर सहा हजारांवरचे सगळे तुमच्या सातबाऱ्यावर येईल. पुढच्या नूतनीकरणाला तो आकडा पूर्ण करून घ्या.